प्रथिनावरचा शिक्का

खारघरच्या टाटा कॅन्सरच्या केंद्रात, म्हणजे ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये, आपली माणसे उपचारासाठी जातात. त्याच आवारात प्रयोगशाळाही आहेत. तिथे काय चालते, असे वाचक बंधू-भगिनी आम्हाला विचारतात. त्यातले एक काम आज सांगतो.

आपल्या पेशीत नको असलेल्या प्रथिनाला युबिक्विटिन नावाचे चिमुकले प्रथिन चिकटते. अवघ्या ७६ अमिनो आम्लांचे! आम्ही पडलो कारकून. आमच्या भाषेत हा ‘निकाली काढावे’चा शिक्का. शिक्क्यांची साखळी लागली की प्रोटिआझोम नावाची यंत्रणा त्या प्रथिनाचे तुकडे करते. या शोधाबद्दल सिचेनोव्हर, हर्श्को व रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

पण प्रत्येक शिक्का मोडीचाच असतो असे नाही. साखळी ४८ व्या जागेवरून जोडली तर प्रथिन बहुधा मोडीत जाते, ६३ व्या जागेवरून जोडली तर डीएनएच्या दुरुस्तीसारखे निराळेच काम निघते. हे ओळखायला शास्त्रज्ञ मुद्दाम बदललेला शिक्का तयार करतात. ४८ वी जागा बदलली की तिथून साखळी वाढत नाही. दुसरी युक्ती म्हणजे शेपटाला चमकणारे रसायन जोडणे. शिक्का काढणाऱ्या एन्झाइमने ते तोडले की उजेड पडतो. नवे औषध घातल्यावर उजेड पडला नाही, तर औषधाने एन्झाइम अडवले असे समजावे.

युबिक्विटिनचा भाऊबंद म्हणजे सुमो. (गाडी नव्हे!) जिवाणूंकडून एखादे प्रथिन बनवून घेताना त्याला सुमो जोडला तर ते सहसा गोळा होऊन बसत नाही, काम झाल्यावर सुमो नेमका कापून टाकता येतो.

याचा रोग्याला उपयोग काय? मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरात बिघडलेल्या पेशी प्रथिने भरमसाट बनवतात. बोर्टेझोमिब हे औषध प्रोटिआझोमच बंद पाडते. कचरा तुंबतो, पेशी मरते. अमेरिकेत त्याला २००३ साली मान्यता मिळाली, २०१९ मध्ये ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आले. अ‍ॅक्ट्रेकमध्ये डॉ. प्रसन्ना वेंकटरामन यांच्या प्रयोगशाळेने प्रोटिआझोमची जुळणी करणाऱ्या प्रथिनांवर काम केले आहे.

बदललेले शिक्के परदेशी कंपन्या मायक्रोग्रॅमच्या मापाने विकतात, हे मात्र आम्हाला खटकते. ते इथेच बनवणारी मुले-मुली आपल्या वस्त्यांतून का निघू नयेत? बी.एस्सी.ला बायोकेमिस्ट्री घेतलेल्यांनी लक्षात ठेवावे, अ‍ॅक्ट्रेकमध्ये पीएच.डी. करता येते आणि विद्यावेतनही मिळते.