चार दिवस कुणाचे?

मैत्रिणींनो, ईटीव्ही मराठीवरची ‘चार दिवस सासूचे’ 2001 ते 2013 अशी चालली, तीन हजारांवर भाग. खुटबावला सासूबाई आणि मी ती रोज एकत्र बघायचो. दिवसभराचा अबोला तेवढ्यापुरता सुटायचा. परवा त्यांनी विचारलं, ‘तू लिहिली असतीस तर शेवट काय केला असतास गं?’

आशा देशमुखांच्या किल्ल्या अनुराधाच्या कमरेला, हा शेवट कुणालाही सुचेल. मला पटत नाही. सासू-सुनेनं दिवस वाटून घ्यायचे, पण घर-जमीन कुणाच्या नावावर, याबद्दल ती म्हण गप्प!

माझा शेवट दुय्यम निबंधकाच्या कचेरीत होईल. वडिलोपार्जित मालमत्तेत 1994 साली महाराष्ट्रानं तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना आणि 2005 साली केंद्रानं सगळ्याच मुलींना मुलाइतका हक्क दिला. तरी हक्कसोडपत्र पुढे येतं आणि आपण सही करतो. मीही केली, माहेर तुटू नये म्हणून. माझ्या मालिकेतली लेक मात्र कागद पूर्ण वाचते आणि पेन खाली ठेवते.

सासूबाई म्हणाल्या, ‘माझा नुसता अंगठा घेतला. कागद कसला, ते आजवर कुणी सांगितलं नाही.’