लाइट गेली, मराठी नाही गेली

भिवंडीतल्या नारपोलीत भर दुपारी सगळे यंत्रमाग एकाएकी थांबतात. खडखडाट बंद होतो आणि कुणीतरी म्हणतं, "लाइट गेली." सूर्य तर डोक्यावर तळपतोय, गेली आहे ती वीज. भाषाशुद्धीचे कैवारी नेमकं इथेच बोट ठेवतात. शब्द परका, अर्थ चुकीचा, शिवाय अनेक अर्थांमुळे गबाळा. 'वीज' असताना हा आळस कशाला?

अर्थ चुकीचा आहे तो इंग्रजीच्या हिशेबाने. यंत्रमागाच्या इंग्रजी नावात 'पॉवर' आहे, भिवंडीत 2007 पासून वीज पुरवणाऱ्या टोरेंट पॉवरच्या नावातही आहे. तरी लोकांनी शब्द निवडला 'लाइट'. त्याला मराठी व्याकरणही दिलं. 'लाइट गेली' म्हणताना मनात वीज असते, 'लाइट लावला' म्हणताना दिवा, 'लाइट गेले' म्हणताना घरभरचे दिवे. 'लाइटबिल' तर पंख्याचंही येतं.

अनेक अर्थ हा दोष असेल, तर 'वीज'ही सुटत नाही: ती आभाळातून पडते आणि तारेतूनही वाहते.

राहिलं परकेपण. मागावरचा कामगार ज्याची वाट पाहतो तो 'पगार' पोर्तुगीज, कारखान्याची 'चावी'ही पोर्तुगीज. सावरकरांनी घडवलेला 'महापौर' सर्वांच्या तोंडी बसला. त्यांचा 'दिनांक' मात्र अर्जावर राहिला आणि तोंडात अरबी 'तारीख'च. शब्दाचं कूळ पाहून भाषा त्याला घरात घेत नाही.

म्हणून दार सताड उघडं ठेवावं, असं नव्हे. दुकानात कुणी "लाइट कापड दाखवा" म्हणतं, तेव्हा दुकानदाराने काय समजावं? रंगाने फिकट की वजनाने हलकं? इंग्रजीत हे मुळात दोन निराळे शब्द. उजेडाच्या 'लाइट'चं दूरचं नातं संस्कृत 'रुच्' म्हणजे चमकणे या धातूशी, तर वजनाच्या 'लाइट'चं 'लघु'शी. त्याच 'लघु'तून आपला 'हलका' आला. घरचा वारस हयात असताना सातासमुद्रापलीकडचा चुलतभाऊ गादीवर का बसवावा? इथे शुद्धिवाद्यांशी माझं भांडण नाही.

तेव्हा निवाडा असा: मराठीत येऊन ज्याने नवा अर्थ कमावला तो 'लाइट' आपला, फिकट आणि हलका यांना हुसकावणारा 'लाइट' उपरा. कापड मागताना 'फिकट' म्हणा, 'हलकं' म्हणा. माग थांबले तर मात्र खुशाल म्हणा, लाइट गेली.