दर बदलला, मग परीक्षा जुनीच कशी चालेल?



सून सॉफ्टवेअर कंपनीत आहे म्हटलं की लगेच प्रश्न येतो, "प्रोग्रॅमिंग करते की टेस्टिंग?" टेस्टिंग म्हटलं की विचारणारीचा सूर जरा उतरतो. जणू स्वयंपाक दुसरीने केला आणि हिने फक्त मीठ चाखलं. मला हे पटत नाही. का, ते आपल्या दुकानाच्या बिलावरूनच सांगते.

आमच्या भोईवाड्यात, भुलेश्वरच्या गल्ल्यांत, कितीतरी घरं कपड्याच्या नाहीतर दागिन्यांच्या धंद्यावर चालतात. 22 सप्टेंबर 2025 ला, ऐन घटस्थापनेला, जीएसटीचे नवे दर लागू झाले. त्याआधी तयार कपड्याच्या एका नगावर 1000 रुपयांपर्यंत 5 टक्के आणि पुढे 12 टक्के कर होता. आता 2500 पर्यंत 5 टक्के आणि पुढे 18. कौन्सिलचा निर्णय झाला 3 सप्टेंबरला. म्हणजे हाताशी तीन आठवडेही नव्हते, आणि समोर सणाची गर्दी.

बिलाच्या सॉफ्टवेअरमागे दोन गोष्टी असतात. एक, हिशेब करणारा कोड. दुसरी, त्या कोडची परीक्षा घेणाऱ्या छोट्या छोट्या टेस्ट. टेस्ट म्हणजे एक प्रश्न आणि त्याचं ठरलेलं उत्तर. "1500 चा कुर्ता, कर किती? 180." कोडने 180 दिले तर टेस्ट हिरवी, नाहीतर लाल.

आता कोडमध्ये नवे दर घातले. टेस्टचं काय होतं बघा. 1500 ची टेस्ट लाल होते, कारण बरोबर उत्तर आता 75 आहे. 900 ची टेस्ट हिरवीच राहते. कर आधीही 45, आताही 45. ती खोटं बोलत नाही, पण नव्या नियमाबद्दल काही सांगतही नाही. 1000 आणि 1001 च्या टेस्ट जुन्या वेशीवर पहारा देत बसल्यात, वेस मात्र पुढे सरकली. आणि नव्या वेशीवर, 2500 आणि 2501 वर, कोणीच नाही. तिथे 125 चा कर एका रुपयाने 450 वर जातो. कोडमध्ये "2500 पर्यंत" ऐवजी "2500 पेक्षा कमी" लिहिलं गेलं, तर बरोबर 2500 च्या प्रत्येक ड्रेसवर गिऱ्हाइकाकडून सव्वातीनशे रुपये जास्त घेतले जातील.

जुनी टेस्ट फेकूनही चालत नाही. 20 सप्टेंबरला विकलेला 1500 चा कुर्ता 25 ला परत आला, तर क्रेडिट नोट जुन्या 12 टक्क्यांनीच निघते. म्हणजे जुनं उत्तरही जपायचं, फक्त त्याला तारीख लावायची.

घाईत दोन पळवाटा निघतात. लाल टेस्ट बंद करून टाकायची, किंवा कोड जे उत्तर देतोय तेच "बरोबर उत्तर" म्हणून टेस्टमध्ये लिहायचं. दुसरी जास्त घातक. मुलाच्या उत्तरपत्रिकेवरूनच मास्तरांनी आदर्श उत्तरं लिहिण्यासारखं आहे ते! उत्तर यायला हवं सरकारी अधिसूचनेतून, आणि शक्यतो कोडला हात लावण्याआधी.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या अँडी झायडमन आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये चेकस्टाइल आणि आर्गोयूएमएल या दोन सॉफ्टवेअरचा जुना इतिहास तपासला. कुठे कोड आणि टेस्ट हातात हात घालून वाढल्या होत्या, तर कुठे कोड पुढे गेला आणि टेस्टचं काम मागाहून एकगठ्ठा झालं होतं. मला पहिलीच रीत पटते. नियम कालच वाचलेला असतो तेव्हा उत्तर लिहिणं सोपं असतं. तीन महिन्यांनी लिहायला बसलं की आठवत नाही, मग कोडमध्ये डोकावून उत्तर उचललं जातं.

काही प्रोग्रॅमर म्हणतात, टेस्ट बदलण्यातच अर्धा दिवस जातो. त्यात तथ्य आहे. बिलावर कुठला शब्द कुठल्या ओळीत छापला, हेही टेस्ट तपासत असेल तर ती प्रत्येक बदलाला मोडणारच. अशा टेस्ट कमी कराव्यात. पण कराच्या रकमेची टेस्ट नियमाबरोबर बदलायलाच हवी.

आमची सून हेच काम करते. त्या सप्टेंबरात तिच्या कंपनीत कोडला चार दिवस मिळाले आणि टेस्टना एक संध्याकाळ. बाळंतपणानंतर कामावर परतलेल्या मुलींना "हलकं काम" म्हणून टेस्टिंग देतात, आणि वेळही हलकाच देतात. चूक निघाली की दुकानदार भरतो. कर कमी घेतला तर फरक त्याच्या खिशातून जातो. या कामाला कोडइतकाच वेळ आणि मान मिळायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि ज्या दुकानात बसतात त्यांना एक सांगणं. सॉफ्टवेअर अपडेट झालं की 1000, 1500, 2500 आणि 2501 ची बिलं आणि जुन्या विक्रीचा एक परतावा काढून पाहा. पाच कागद लागतील. उत्तरं मात्र आधी स्वतः वहीत मांडून ठेवा.