विटांचा राजगड

दिवाळींत अंगणांत मातीचा किल्ला करावा, त्यावर अळीव पेरावे, ही आपली जुनी रीत. यंदा पाटोद्यास आमच्या नातवानें लेगोच्या, म्हणजे १९५८ सालीं डेन्मार्कांत पेटंट झालेल्या प्लास्टिकच्या विटांचा राजगड मांडला. आम्हीं नाक मुरडलें. त्यानें बालेकिल्ल्याभोंवतीं पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तिन्ही माच्या रचल्या, मग पद्मावतीवर निळ्या विटा बसवून म्हणाला, "आजोबा, तळें नसेल तर माणसं राहतील कशीं?"

आम्हीं वर्षानुवर्षें वर्गांत राजगड शिकविला, तोही या दुष्काळी मुलुखांत. परंतु गडाचें पाणी कधीं विचारलें नाहीं. वाचकहो, किल्ला मातीचा असो वा विटांचा, मुलाच्या प्रश्नास मात्र जागा ठेवावी.