पृष्ठभागाचा अभ्यास कशासाठी?

जबलपूर म्हटले की भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवांधार धबधबा डोळ्यांसमोर उभे राहतात. याच शहरातील, १९५६ साली स्थापन झालेल्या राणी दुर्गावती विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात बहुवारिकांच्या, म्हणजे पॉलिमरच्या, विद्युत् गुणधर्मांवर संशोधन झाले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. प्लॅस्टिकच्या पातळ पटलात विजेचे काय शोधायचे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

पॉलिव्हिनिलिडिन फ्ल्युओराइड या बहुवारिकाच्या रेणुसाखळीत एका बाजूस फ्लोरिन व दुसऱ्या बाजूस हायड्रोजन आले, की धन व ऋण टोकांचे सूक्ष्म द्विध्रुव तयार होतात. प्रबळ विद्युत् क्षेत्रात ते एका दिशेस वळतात, क्षेत्र काढल्यावरही तसेच राहतात आणि क्षेत्र उलटे केल्यास उलटतात. हाच फेरोइलेक्ट्रिक गुणधर्म होय. असे पटल दाबले वा ताणले, की त्याच्या पृष्ठभागावर विद्युत् भार प्रकटतो. जपानमधील हेइजी कावाई यांनी १९६९ साली हा दाबविद्युत् परिणाम दाखवून दिला. वाकणारे संवेदक आणि लवचीक स्मृतिसाधने यांची आशा अशाच गुणांवर उभी आहे.

परंतु पटल जितके पातळ, तितका पृष्ठभागाचा वाटा मोठा. याच कुळातील एका सहबहुवारिकाच्या पटलांत पृष्ठभागाची अवस्था सुमारे २० अंश सेल्सिअसला बदलते आणि आतील भागाची सुमारे ८० अंशांना, असे १९९८ साली आढळून आले. जबलपुरात मे महिन्यात पारा ४० अंशांवर चढतो. तेथे आतील द्रव्य शाबूत असूनही पृष्ठभाग पालटलेला असू शकतो; आणि विद्युदग्र जोडले जाते ते पृष्ठभागालाच. म्हणून थंड देशातील प्रयोगशाळेचा निष्कर्ष आपल्या उन्हाळ्याला जसाच्या तसा लावणे धोक्याचे आहे.

हे काम संथ असते. पटल हळूहळू तापवून मुक्त होणारा अत्यल्प विद्युत् प्रवाह मोजत बसावे लागते. अपुऱ्या निधीतून आधी तातडीच्या गरजा भागवाव्यात, हा आक्षेप खोटा नाही. तरीही मोजमापाची सवय मोडली, तर उद्या आपण केवळ परक्या यंत्रांचे ग्राहक उरू. लहान शहरांतील विद्यापीठांच्या प्रयोगशाळा जपणे ही चैन नव्हे, गरज आहे. वस्तूचे मोल तिच्या वापरातून कळते; तिचे सामर्थ्य आणि मर्यादा मात्र अभ्यासातूनच कळतात.