अमेरिकेचा मध्यमवर्ग सरकारी मदतीवरच उभा राहिला

‘महायुद्धानंतर अमेरिका वर आली ती सरकारने लुडबुड केली नाही म्हणून,’ असे रविवारच्या पुरवणीतील लेखात ठासून सांगितले आहे. इतिहास नेमका उलट आहे.

युद्ध चालू असतानाच, जून १९४४ मध्ये, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ‘जी. आय. बिला’वर सही केली. घरी परतणाऱ्या सैनिकाला कॉलेजच्या फीसाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत, वर निर्वाहभत्ता, काम मिळेपर्यंत जास्तीत जास्त वर्षभर आठवड्याला २० डॉलर आणि घरकर्जाला सरकारची हमी. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिक त्यावर शिकले किंवा एखादे कौशल्य शिकून कामाला लागले. न्यूयॉर्कजवळ बटाट्याच्या शेतांवर १९४७ पासून लेव्हिटटाउन उभे राहिले, सतरा हजारांवर घरांचे. १९४९ साली तिथले घर ७,९९० डॉलरला होते आणि माजी सैनिकाला ते दमडीही आगाऊ न भरता मिळे. बिल्डर लेव्हिट खासगी होता हे खरे. पण कर्ज बुडाले तर भरून देण्याची हमी सरकारची होती.

कृष्णवर्णीय कष्टात कमी पडले म्हणून मागे राहिले, ही लेखातली सूचना मात्र अन्यायकारक आहे. लेव्हिटटाउनच्या सुरुवातीच्या करारातच गोऱ्यांखेरीज कुणाला घर वापरू देऊ नये, असे कलम होते. जी. आय. बिलात वर्णाचा उल्लेख नव्हता. त्याची गरजही नव्हती. मिसिसिपीच्या जॉन रँकिन यांच्यासारख्या खासदारांनी अंमलबजावणी स्थानिक हातांत राहील याची तजवीज करून ठेवली होती आणि कर्ज कुणाला द्यायचे ते गावची बँक ठरवत होती. १९४७ मध्ये मिसिसिपीच्या १३ शहरांत या हमीची ३,२२९ कर्जे झाली. त्यांतली कृष्णवर्णीय सैनिकांना मिळाली दोन. त्यांनीही तोच गणवेश घातला होता, तेच युद्ध लढले होते! ही आकडेवारी बाजूला सारून कष्टांचे माप काढणे मला तरी पटत नाही.

वर्णाच्या अटी न्यायालये अमलात आणणार नाहीत, असा निकाल १९४८ मध्ये लागला. तरीही लेव्हिटने कृष्णवर्णीयांना घरे विकली नाहीत. घरविक्रीतील भेदभावाला बंदी घालणारा कायदा आला तो मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याने, एप्रिल १९६८ मध्ये. तोवर गोऱ्या कुटुंबांच्या घरांच्या किमती वीस वर्षे वाढत गेल्या होत्या. ज्यांना त्या काळात दारातूनच परत पाठवले, त्यांच्या भरपाईची तरतूद या कायद्यात नव्हती.

– एक निवृत्त शिक्षक, सांगली