गळ टाका, पण तंगूस पाण्यात सोडू नका

पावसाळ्यात नाशिककडचे पाणी उतरू लागले की गंगापूर तालुक्यातल्या कायगावजवळ गोदावरीचे पात्र पसरत जाते. समोर प्रवरासंगम, खाली पैठणपर्यंत नाथसागराचा फुगवटा. पाणी स्थिरावले की काठावर गळ टाकणारे दिसू लागतात. कुणाच्या हातात बांबूची काठी, कुणाकडे रिळाची नवी काठी, तर कुणी प्लास्टिकच्या बाटलीवर तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) गुंडाळून आणलेला. डबीत ओल्या मातीतली गांडुळे असतात, नाहीतर पाण्यात ठेवलेले जिवंत झिंगे आणि बोटभर मासोळ्या. वाम गांडुळाला येतो, मरळ हलत्या मासोळीवर झडप घालतो, हे इथल्या पोरांनाही ठाऊक असते.

तंगुसाच्या गुंत्याचे मूळही या हलत्या आमिषातच आहे. कणकेचा गोळा पडला तिथे पडून राहतो. जिवंत मासोळी मात्र सुटायला धडपडते, बुडवण्यासाठी बांधलेल्या शिशाच्या वजनाभोवती फिरते आणि तंगुसाला वेढे घालते. एकदा तंगूस विळखला की काठावर त्याचे बोळे होतात. सोडवायला वेळ नसतो, अंधार पडत असतो. मग कात्री किंवा दात. तोडलेला बोळा तिथेच पाण्यात जातो, नाहीतर बाभळीच्या बुडाशी.

हा गुंता टाळता येतो, आणि तो टाळणे ही केवळ गळ टाकणाऱ्याच्या सोयीची गोष्ट नाही. नाथसागर हे 1986 साली जाहीर झालेले जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे. सुमारे 340 चौरस किलोमीटरचा हा पसारा रोहित, चक्रवाक, पट्टकदंब अशा पाहुण्यांचा आणि पाणकावळे, बगळे, नदी सुरय यांच्यासारख्या पाखरांचा आहे. तिथे तुटका तंगूस टाकून जाणे म्हणजे न दिसणारा फास लावून जाणे.

आधी गुंत्याची कारणे पाहू. पहिले कारण पीळ. पाण्याच्या ओढीत किंवा गळ ओढून घेताना आमिष गरगर फिरले की प्रत्येक गिरकीसरशी तंगुसाला पीळ पडतो. ताण असेपर्यंत तो पीळ दिसत नाही. ताण सुटला की तंगूस स्वतःभोवतीच वेटोळी घालू लागतो. गांडूळ मधोमध टोचून दोन्ही टोके लोंबकळत ठेवली की ते हमखास फिरते. ते गळाच्या दांडीवर सरळ ओवावे. मासोळी पाठीत टोचून ओढली तर आडवी येऊन फिरते, ओठात टोचली तर डोके पुढे करून सरळ येते. झिंगा शेपटीकडून टोचावा, म्हणजे ओढताना तो सरळ राहतो.

दुसरा उपाय काही रुपयांचा आहे. मुख्य तंगूस आणि गळाजवळचा तुकडा यांच्यामध्ये स्विव्हल बांधावे. दोन्ही बाजूंना कड्या असलेला हा धातूचा छोटा सांधा मधल्या मधे फिरतो आणि आमिषाचा पीळ वर चढू देत नाही. गळाजवळचा तुकडा दोन वितींहून लांब ठेवू नये, कारण तो जितका लांब तितकी मासोळीला मुख्य तंगुसाभोवती फिरायला जागा. हाच तुकडा मुख्य तंगुसापेक्षा थोडा कमी ताकदीचा घ्यावा. गळ बुडालेल्या बाभळीत अडकलाच तर तो तुकडाच तुटतो, वरचा सगळा तंगूस पाण्यात राहत नाही.

फेकण्याचीही रीत आहे. जिवंत आमिष चाबकासारखे झटका देऊन फेकले की एकतर ते गळावरून सुटते, नाहीतर हवेत तंगुसावरच आदळते. काठी बाजूने आणून ते संथ झोकून द्यावे. आमिष पाण्याला टेकण्याच्या क्षणी रिळावरच्या तंगुसाला बोट लावावे. धाव थांबते आणि मागचा तंगूस सरळ होतो, ढिली वेटोळी पाण्यावर पडत नाहीत. नंतर ढील काढून घ्यावी. चार काठ्या शेजारी शेजारी लावून गप्पा मारत बसण्यापेक्षा एकच काठी हाताशी ठेवावी.

रिळाची काठी वापरणाऱ्यांच्या हातून एक चूक सर्रास होते. मोठा मासा लागला, तो तंगूस खेचून नेतोय, ड्रॅग (ताण वाढला की तंगूस सुटू देणारी रिळाची कळ) करकर करत सुटतोय आणि तरीही रिळाची दांडी फिरवणे चालूच. अशा वेळी मासा जवळ येत नाही, फक्त पीळ पडतो. दांडीच्या एका फेरीत रिळाचा फिरता भाग साधारण पाच वेढे घेतो. दहा वेळा दांडी फिरवली की पन्नास पीळ. मासा ओढत असताना हात थांबवावा. तो दमला की काठी उचलून त्याला जवळ आणावे आणि काठी खाली नेताना तंगूस गुंडाळावा.

बाटलीवाल्यांची गोष्ट वेगळी, आणि तिच्याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. बाटली स्थिर धरून हात भोवती फिरवत तंगूस गुंडाळला आणि फेकताना तो बाटलीच्या तोंडाकडून सुटला, तर गुंडाळताना पडलेला पीळ सुटताना निघून जातो. पण बाटलीच गोल फिरवून गुंडाळला आणि तोंडाकडून सोडला, तर प्रत्येक वेढ्यामागे एक पीळ जमा होतो. काठीवर गुंडाळायचा असेल तर पतंगवाल्यासारखा आठच्या आकड्यात गुंडाळावा. एका बाजूचा पीळ दुसऱ्या बाजूने फिटतो. एवढे करूनही पीळ पडलाच, तर गळ आणि शिसे काढून तंगूस वाहत्या पाण्यात लांबवर सोडावा. काही मिनिटांत पाणीच तो उलगडते; मग तो परत गुंडाळून घ्यावा.

आता तुटलेल्या तंगुसाकडे. कापसाच्या किंवा तागाच्या जुन्या दोऱ्या पाण्यात कुजून जात. 1930 च्या दशकात ड्यूपाँ कंपनीने नायलॉन शोधले आणि मासेमारीची दोरी बारीक, चिवट व जवळपास अदृश्य झाली. तेच गुण आता घातक ठरतात. चित्रबलाक उथळ पाण्यात चोच अर्धवट उघडी ठेवून, पायाने चिखल ढवळत, स्पर्शावर मासा पकडतो. डोळ्यांनी न पाहता शोधणाऱ्या या पाखराला पाण्यातला तंगूस टाळता कसा येणार? पायाला वेढा पडला की तो आवळत जातो, रक्त थांबते, पाय सडतो.

फुगवट्याच्या काठावर हे इथेच संपत नाही. उन्हाळ्याकडे पाणी ओसरते, गाळाची जमीन उघडी पडते आणि शेतकरी तिथे गाळपेर करतात. पाण्यात गेलेला बोळा तेव्हा मातीत असतो. शेरडांच्या खुरांत अडकतो, खुरपणाऱ्या बाईच्या बोटाला गळ टोचतो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली देशभर बंदी घातली आणि ती योग्यच होती. त्याच नायलॉनचा तुकडा पतंगाऐवजी गळाचा असला म्हणून निरुपद्रवी ठरत नाही.

गळवाल्यांच्या अशा कचऱ्यावर बाहेरच्यांनी काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये गळवाल्यांनी टाकलेले शिशाचे बारीक गोळे खड्यांबरोबर गिळून हंस विषबाधेने मरत होते. 1987 मध्ये तिथे 28.35 ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिसेवजनांवर बंदी आली आणि हंसांची संख्या पुन्हा वाढली. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात धक्क्यांवर आणि आमिषाच्या दुकानांजवळ पीव्हीसी पाइपाचे उभे डबे लावलेले असतात. गळवाले तुटका तंगूस त्यात टाकतात, तो गोळा होतो आणि पुन्हा वापरात जातो.

पीव्हीसी पाइप गंगापूर तालुक्याला नवा नाही. ठिबकाच्या आणि विहिरीच्या कामातून उरलेले तुकडे शिवारभर पडलेले असतात. कायगावच्या पुलाजवळ आणि टेंभापुरी प्रकल्पाच्या काठावर असे डबे ग्रामपंचायतींनी लावावेत. ते रिकामे करण्याची जबाबदारी वन विभाग, मत्स्यव्यवसाय विभाग आणि मच्छीमार सहकारी संस्थांनी वाटून घ्यावी. गळ विकणाऱ्या दुकानदाराने गळाबरोबर एक स्विव्हल हातात ठेवावे आणि ते कसे बांधायचे हेही दाखवावे.

डबे लागेपर्यंत थांबायची मात्र गरज नाही. परवानगी असेल तिथेच गळ टाका. आमिष सरळ टोचा, तुकडा आखूड ठेवा, ढील काढून घ्या. तरीही गुंता झालाच, तर तोडलेला बोळा खिशात घाला, घरी नेऊन कात्रीने त्याचे बारीक तुकडे करा आणि बाटलीत बंद करून कचऱ्यात टाका. काठावर आधीच कुणाचा बोळा पडलेला दिसला, तर तोही उचला.